तळ्याचा कांठ

पुण्यांतल्या माणसाला झोपेंतून उठवून पर्वतीच्या पायऱ्या किती म्हणून विचारलें, तरी तो "१०३" असें बिनचूक उत्तर देईल, अशी आमची ख्याति आहे. लहानपणीं त्या मोजण्याचा छंद प्रत्येकाला लागतो, प्रत्येकाची बेरीज एकदां तरी चुकते, आणि अखेर वडील माणसें सांगतात तोच आंकडा प्रमाण मानून जो तो मोकळा होतो. परंतु अलीकडे माझ्या ध्यानांत आलें आहे कीं, पायऱ्या मोजण्याचा हा छंद माणसाला आयुष्यांत दोन वेळां लागतो. पहिल्यानें, पायांत वारें भरलेलें असतें तेव्हां. आणि दुसऱ्यानें, गुडघे कुरकुरूं लागतात तेव्हां. पहिली मोजणी खेळाची असते, दुसरी भीतीची. बँकेच्या दाराशीं तीन, दवाखान्यापुढें पांच, नाट्यगृहांत शिरतांना सात, असा शहराचा एक निराळाच नकाशा वृद्ध माणसांच्या मनांत तयार होत असतो. त्या नकाशांत रस्त्यांचीं नांवें नसतात, पायऱ्यांचे आंकडे असतात. आणि ज्या जागेचा आंकडा मोठा, ती जागा दरवर्षीं थोडी थोडी पुसट होत जाते.

हा दुसरा नकाशा वाचावयास मला माझ्या आत्यानें शिकविलें. ती आज ८२ वर्षांची आहे. तिचें माहेर पुण्याचें आणि सासरहि पुण्याचेंच. तेव्हां पुण्याबाहेर जग आहे हें तिला केवळ ऐकून ठाऊक, असें आम्ही तिला चिडवतों. गेलीं चार वर्षें ती चाकांच्या खुर्चींत असते. तिची वाणी, तिची स्मरणशक्ति आणि तिचा तिखटपणा हीं तिन्हीं पूर्वींइतकींच धडधाकट आहेत. संपावर गेले आहेत ते फक्त गुडघे.

माझे एक स्थापत्यविशारद स्नेही आहेत. कोणीं काम सांगितलेलें नसलें म्हणजे त्यांच्या कल्पनेला अधिकच पालवी फुटते. गेल्या पावसाळ्यांत त्यांनीं, पर्वतीच्या पायथ्याची बाग नव्यानें मांडावयाची झाली तर ती कशी मांडावी, याचा एक नकाशा केवळ हौसेखातर काढला. लोकांनीं बागेंत फिरावें आणि फिरतां फिरतां त्या जागेचा इतिहास त्यांच्या अंगवळणीं पडावा, हा त्यांचा हेतु. नकाशा पुरा झाल्यावर, जुन्या माहितगार म्हणून, ते तो आत्याला दाखवावयास घेऊन आले.

विषय मोठा मनोहर होता, यांत शंका नाहीं. आज जेथें सारसबाग आहे तेथें अठराव्या शतकांत पर्वतीचें तळें होतें. नानासाहेब पेशव्यांनीं आंबील ओढ्याच्या पाण्यावर तें करविलें आणि त्याच्या मध्यभागीं एक बेट राखून त्यावर बाग फुलविली. १७८४ सालीं, सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली. जवळच हिराबाग, वर टेकडीवर नानासाहेबांनींच बांधलेलें देवदेवेश्वराचें देऊळ, आणि मध्यें पाणी, असा तो देखावा होता. पुढें तळें गेलें, पाण्याच्या जागीं हिरवळ आली. परंतु भाषेनें तें तळें आटूं दिलें नाहीं. पुणेकर आजहि त्या देवाला 'तळ्यांतला गणपति' म्हणतात, आणि बाहेरगांवचा पाहुणा इकडे तिकडे पाहून तळें कोठें आहे म्हणून विचारतो. थंडीच्या दिवसांत याच गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात, ही तर आमच्या शहराची खास माया. शेजारीं १९५३ सालीं पेशवे उद्यान झालें, आणि १९५६ सालीं तेथें 'फुलराणी' ही मुलांची छोटी आगगाडी धावूं लागली. आत्या तेव्हां १३ वर्षांची होती. त्या गाडीच्या मानानें आपण फार मोठ्या झालों आहों, या लाजेनें ती मान खालीं घालून बसली होती असें ती सांगते; पण बसली होती. उद्यानांतलीं जनावरें पुढें कात्रजला गेलीं. आंबील ओढा मात्र अजून तेथेंच आहे, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं त्याच्या कांठच्या वस्त्यांनीं त्याचें जुनें बळ अनुभवलें. हाकेच्या अंतरांत एवढा इतिहास एकवटलेला असल्यावर कोणाही रसिकाच्या हाताला पेन्सिल उचलण्याचा मोह व्हावा, हें साहजिक आहे.

स्नेह्यांनीं नकाशा पसरला. प्रवेशाशीं शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याची प्रतिकृति, एका उंच जोत्यावर. तिला बारा पायऱ्या. आंत पेशव्यांचे पुतळे, प्रत्येकाखालीं कोरीव लेख. टोकाला एक बुरूज, तेथून पर्वतीचें दर्शन घडावें म्हणून. आत्यानें चष्मा सारखा करून सगळें नीट पाहिलें.

"फार सुंदर आहे," ती म्हणाली, "पण या दरवाज्यांतून मी आंत जाऊं कशी?"

"आत्याबाई, त्याची सोय केली आहे. मागल्या बाजूनें उतरण ठेवली आहे."

"मागल्या बाजूनें कां? पुढच्या दारानें गेलें तर पेशवे रागावतील?"

स्नेही हंसले, पण आत्या थांबणारी नव्हती. "आणि मला एक सांगा, खऱ्या दिल्ली दरवाज्यांतून हत्ती, घोडे, पालख्या जात. त्याला तुमच्यासारख्या बारा पायऱ्या असत्या, तर हत्तीनें काय केलें असतें?"

आत्या हें विनोदानें बोलली. मला मात्र त्यांत विनोदापेक्षां अधिक कांहीं दिसलें. पर्वतीच्या संबंधांत 'आंत कोणीं यावें' हा प्रश्न कांहीं नवा नाहीं. १९२९ सालीं याच टेकडीवरील देवळांत प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजानें सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे, पां. न. राजभोज यांच्यासारखे पुढारी त्यांत होते, एस. एम. जोशी यांच्यासारखे तरुण त्यांच्याबरोबर उभे राहिले. सत्याग्रह्यांवर दगड पडले, पण देवळाचें दार उघडलें नाहीं. तो अन्याय आणि गुडघ्यांची अडचण या एका मापाच्या गोष्टी नव्हेत, हें मी जाणतों. तेथें दार माणसांनीं जाणूनबुजून लावलें होतें; येथें तें कोणाच्या मनांतहि नसतां लागतें. परंतु जी बाग या जागेचा इतिहास सांगूं पाहते, तिच्यांत पेशव्यांच्या पुतळ्यांइतक्याच मानानें १९२९ ची हकीकत असली पाहिजे. आणि ती हकीकत जिच्यावर कोरली आहे त्या शिळेपर्यंत जावयास कोणालाहि मागची वाट धरावी लागली, तर अक्षरें कितीहि सुबक असोत, तीं फिकीं पडतील.

मनांत नसतां लागणारें दार कसें असतें, तें मीं एका सार्वजनिक बागेंत पाहिलें आहे. सायकली आणि गुरें आंत शिरूं नयेत म्हणून तेथें नागमोडी लोखंडी फाटक बसविलेलें होतें. धडधाकट माणूस अंग चोरून त्यांतून सहज जाई. आत्याची खुर्ची पहिल्याच वळणांत अडकली. पहारेकरी भला माणूस होता. तो धावत आला आणि म्हणाला, "आजी, काळजी करूं नका; आम्ही चौघे मिळून तुम्हांला खुर्चीसकट उचलून आंत नेतों." आत्या म्हणाली, "अरे बाबा, मी काय गणपति आहें, चौघांनीं उचलून न्यायला? आणि त्यालाहि नेतात तें बुडवायला!" सगळे हंसले. आम्हीं बाहेर रस्त्यावरच भेळ खाल्ली आणि परतलों. घरीं येईपर्यंत आत्या एक शब्दहि बोलली नाहीं. त्या मौनाचा अर्थ मला त्या दिवशीं कळला: माणसाला बागेंत जावयास मिळालें नाहीं तर वाईट वाटतें, पण बागेंत जाण्यासाठीं ओझें व्हावें लागलें, तर त्याहून अधिक वाईट वाटतें.

या विषयाचें एक शास्त्र आहे आणि तें अवघड नाहीं. उतरणीचें प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट चढावयाचें तर वाट निदान बारा फूट लांब. याहून उभी वाट असली कीं खुर्ची ढकलणाऱ्याची छाती भरून येते आणि उतरतांना बसणाऱ्याची. सुमारें दर तीस फुटांवर विसाव्याला सपाट टप्पा. कठडा दोन उंचींचा, एक उभ्या माणसासाठीं आणि एक बसलेल्या माणसासाठीं, म्हणजे लहान मुलालाहि तो आपोआप मिळतो. दार निदान ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फुटांस किंचित् कमी, रुंद. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागांकडून अशा सोयींची अपेक्षा करतोच. स्नेह्यांना हें सारें पाठ होतें. त्यांनीं तेथल्या तेथें हिशेब मांडला: बारा पायऱ्या म्हणजे सहा फूट, सहा फुटांना बहात्तर फूट उतरण, शिवाय टप्पे निराळे. एवढी लांब वाट दरवाज्यापुढें मावेना, म्हणूनच ती मागें गेली होती. ते क्षणभर नकाशाकडे पाहत राहिले. मग त्यांनीं खोडरबर घेतलें. "आत्याबाई," ते म्हणाले, "हा दरवाजा मुळांत उंचावर कां नेला, त्याचें कारण मला आतां आठवत नाहीं." आणि त्यांनीं जोतें पुसून टाकलें.

तेथून पुढें जें घडलें तें मला फार उद्बोधक वाटलें. जोतें गेल्यावर बुरूज गेला, बुरूज गेल्यावर पुतळ्यांचे चबुतरे ठेंगणे झाले, आणि कागद बराचसा मोकळा झाला. तेव्हां त्या मोकळ्या जागेंत स्नेह्यांना जी गोष्ट प्रथमच दिसली ती म्हणजे जुन्या तळ्याच्या कांठाची रेषा. त्यांनीं ती नकाशावर पूर्वींच फिकट आंखून ठेविली होती. पण पुतळ्यांच्या गर्दींत तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नव्हतें. आतां ते एकदम म्हणाले, "अहो, पाण्याचा कांठ हा तर सर्वत्र एकाच पातळीवर असतो! या रेषेवरून वाट काढली, तर तिला उतरणीची गरजच काय?"

केवढी साधी गोष्ट! पाण्याला कोणी समतलपणा शिकवावा लागत नाहीं. ज्या रेषेवर दोन अडीचशें वर्षांपूर्वीं लाटा टेकत होत्या, तीच रेषा चाकाला, काठीला आणि दुडदुडणाऱ्या पोराला सर्वांत सोयीची. मधल्या काळांत भर पडून जमीन वरखालीं झाली असेल, आणि सबंध कांठ तर आज कोणालाच फिरतां येणार नाहीं. रस्ते आणि इमारती यांनीं त्याचे तुकडे केले आहेत. तरीहि बागेंत सांपडेल तेवढ्या कांठावर काळ्या दगडाची एक पट्टी बसवावी, तिच्यावरून सपाट वाट न्यावी, वाटेच्या एका अंगाला 'येथें जमीन' आणि दुसऱ्या अंगाला 'येथें पाणी' एवढेंच लिहावें. 'तळ्यांतला गणपति' हें नांव बाहेरगांवच्या पाहुण्याला मग कोणी समजावून सांगण्याची गरज राहणार नाहीं. त्याचे पायच तें त्याला सांगतील. इतिहास दाखवावयाचा तर तो उंचावर चढविला पाहिजे, ही आमची जुनी समजूत. येथें तो पायांशींच होता, आणि सर्वांच्याच पायांशीं होता.

मग तिघांनाहि हुरूप आला. टेकडी, तळें आणि बेट यांची एक पितळी प्रतिमा कमरेच्या उंचीवर बसवावी, खालीं खुर्ची सरकेल एवढी पोकळी ठेवावी, म्हणजे डोळस माणसाला ती पाहतां येईल आणि अंध माणसाला हातानें चाचपतां येईल. शेजारीं ब्रेल लिपींत मराठी मजकूर असावा. कांठाला केवडा, बेटाच्या बाजूला बकुळ आणि सोनचाफा लावावा, म्हणजे आपण कोठें आलों हें नाकालाहि कळेल. पर्वतीला पायऱ्या आहेत त्या असोत; टेकडीला सपाट कर म्हणून कोणी सांगणार नाहीं. पण जेथून ती उत्तम दिसते तेथें एक पार बांधावा, आणि खुर्चीची जागा पाराच्या पुढें न ठेवतां पारावर बसलेल्या माणसांच्या रांगेंतच ठेवावी, म्हणजे आत्याला सगळ्यांकडे पाठ करून बसावें लागणार नाहीं. ही शेवटची सूचना अर्थात् आत्याची.

स्नेह्यांनीं आणखी एक भर घातली. सिंहगड रस्त्यावर जपानच्या ओकायामा शहरांतील कोराकुएन या विख्यात बागेच्या धर्तीवर रचलेली एक बाग आहे, तिला पु. ल. देशपांडे यांचें नांव दिलेलें आहे. पाण्याच्या आणि हिरवळीच्या त्या सौंदर्याची पुणेकरांना चांगली ओळख आहे. पण ओकायामाची दुसरी एक देणगी आपल्याला तितकीशी ठाऊक नाहीं. अंध माणसाला तळपायानें वाट कळावी म्हणून उंचवट्यांच्या फरश्या बसविण्याची युक्ति सेइइचि मियाके या जपानी गृहस्थांनीं काढली, आणि तशी पहिली वाट १९६७ सालीं ओकायामा शहरांतच, तेथील अंधशाळेजवळ, तयार झाली. ठिपके लागले म्हणजे थांबा, रेषा लागल्या म्हणजे चला, एवढीच त्या फरश्यांची भाषा; जगांतल्या असंख्य आगगाडीच्या फलाटांवर आज ती बोलली जाते. ज्या शहराकडून आपण बागेची कल्पना घेतली, त्याच शहराकडून ही वाटहि घ्यावी, असें स्नेह्यांचें म्हणणें. आणि तें मला पटलें.

यावर कोणी व्यवहारी वाचक विचारील कीं, एवढा खटाटोप किती माणसांसाठीं? मूठभर लोकांकरितां सबंध बागेची रचना बदलावी काय? या आक्षेपाला नेहमीं असें उत्तर देतात कीं, बाबागाडी ढकलणारी आई, पाय मुरगळलेला खेळाडू, सामानानें वांकलेला माणूस, यांनाहि सपाट वाट हवीच असते, आणि आज जो पायऱ्या दोन दोन ओलांडतो तो उद्यां एक एक मोजणारच आहे. हें उत्तर खरें आहे, पण पुरें नाहीं. स्थानिक इतिहासाच्या बागेपुरतें तरी त्याहून मोठें एक कारण आहे, आणि तें मला आत्याच्याच एका हकीकतींत सांपडलें.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी पुण्यांत शिरलें, तेव्हां आत्या १८ वर्षांची होती. घरांत आजी, आजोबा आणि माझे वडील; वडील तेव्हां सहा वर्षांचे. पाणी येतें आहे, अशी ओरड झाली तशी आत्या त्यांचा हात धरून पर्वतीकडे धावत सुटली. तिच्यासारखीं शेकडों माणसें त्या वाटेला लागलीं होतीं. पायऱ्यांशीं पोंचल्यावर लहानग्याचे पाय चालेनात, तेव्हां तिनें त्याला कडेवर घेतलें. "त्या दिवशीं मात्र पायऱ्या मोजल्या नाहींत," असें ती म्हणते. टेकडीवर तिनें त्याला आपल्या पदराखालीं घेऊन वेळ काढला; शेजारच्या एका अनोळखी बाईनें दोघांना मूठमूठ भाजलेले शेंगदाणे दिले. वडील आतां नाहींत. त्या बाईंचें नांव आत्यानें विचारलें नव्हतें. तेव्हां ती हकीकत जगांत आतां एकाच व्यक्तीपाशीं उरली आहे, आणि ती व्यक्ति त्या पायथ्यापाशीं जाऊं शकत नाहीं.

ती हकीकत मला पाठ आहे. मी ती मुलांना सांगूंहि शकतों. पण घरांत बसून सांगितलेली आणि त्या जागीं उभें राहून, "हें पाहा, येथवर आलें आणि त्याला उचललें," असें बोट दाखवून सांगितलेली, या दोन निराळ्या हकीकती होत. पेशव्यांचा इतिहास ग्रंथांतून आहे. त्याला वाली पुष्कळ आहेत. परंतु फुलराणींत लाजत बसलेली मुलगी आणि टेकडीवरचे मूठभर शेंगदाणे हे कोणत्याहि दप्तरांत नोंदलेले नाहींत. गांवाचा असा जो बारीक इतिहास, तो सारा म्हाताऱ्या माणसांच्या स्वाधीन असतो. आणि आपल्या बागांची रचना अशी कीं, ज्यांच्यापाशीं आठवणी आहेत त्यांना वाट नाहीं, व ज्यांना वाट मोकळी आहे त्यांच्यापाशीं आठवणी नाहींत. मग रिकाम्या जागा भरण्यासाठीं आपल्याला पुतळे उभारावे लागतात. वृद्धांना, अंधांना, पंगूंना बागेंत येतां यावें हें त्यांच्यावर उपकार म्हणून नव्हे. त्यांच्यावांचून त्या बागेला आपली गोष्ट सांगावयास कोणी उरत नाहीं म्हणून.

स्नेह्यांचा सुधारलेला नकाशा तूर्त त्यांच्या टेबलावरच आहे. तो कोणापुढें ठेवावा, याचा विचार चालला आहे. आणि असे विचार सावकाश चालतात, हा सर्वांचाच अनुभव आहे. त्यांतलें थोडें जरी कोठें प्रत्यक्षांत उतरलें तरी पुष्कळ झालें. मला स्वतःला मात्र या सगळ्या प्रकरणांतून एक माप मिळालें आहे. एखाद्या बागेंत इतिहास जपला आहे असें कोणीं सांगितलें, म्हणजे तींत पुतळे किती आणि कारंजीं किती हें मी आतां विचारीत नाहीं. मी एवढेंच विचारतों कीं, ८२ वर्षांची आजी आणि सहा वर्षांचें मूल हीं दोघें एकाच वाटेनें, एकाच दारानें आंत जाऊं शकतात का. आणि आंत गेल्यावर, ती बोलत असतां त्याला ऐकूं येईल एवढ्या जवळ, दोघांना बसावयास जागा आहे का.